विकतचं झाड लागत नाही

२८ जून १९५९

जागा मिळाली. जुन्या पोलीस ठाण्यामागची, बारवेला लागून असलेली. निजामी गेली तेव्हापासून ठाणं बंद आहे. कौलं लोकांनी नेली, दारं नेली, खिडक्यांचे गज नेले. मागची बाग तेवढी राहिली, कारण ती बाग आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. घाणेरीची जाळी तोडली तर आत मोगऱ्याची जुनी झुडपं जिवंत निघाली. भिंतीवर जाईचा वेल, कोपऱ्यात तांबडी जास्वंद. कुणा हौशी अमीनसाहेबानं, म्हणजे निजामाच्या फौजदारानं, लावली असतील. आत लोकांना फटके मारायचे आणि बाहेर मोगऱ्याला पाणी घालायचं! मी स्वतः गुलबर्ग्याच्या तुरुंगात होतो तेव्हा जेलरच्या कचेरीसमोर असाच मोगरा होता. त्याचा वास कोठडीत यायचा. त्याच वेळी ठरवलं होतं की स्वराज्यात हा वास कचेऱ्यांच्या आवारातून काढून घरोघर न्यायचा.

सरपंच आण्णासाहेबांनी अट घातली. म्हणाले, "मास्तर, दसऱ्यापर्यंत जागा वापरा. बाजाराच्या दिवशी रोपं विकायला ठेवा. लोकांनी नेली तर जागा तुमच्या मंडळाची, कायमची. न्हाय नेली तर मी बाजारासाठी कट्टे बांधतो. भाजीवाल्या बाया उन्हात बसत्यात."

मी भर चावडीत उभा राहून सांगितलं, "गावानं रोपं विकत नेली नाहीत तर जागा खुशाल घ्या. मी एक अक्षर बोलणार नाही!"

मागून शरणबसप्पा म्हणाले, "आण्णासाहेब, ह्ये शेवटचं तेवढं लिहून घ्या."

शरणबसप्पा तेलाचे दुकानदार आणि आमच्याच पुष्पसेवा मंडळाचे सभासद. मंडळात आम्ही चौघं: मी, माझी पत्नी विमल, मुलींच्या शाळेच्या चंद्रप्रभाबाई आणि हे गृहस्थ.

२ जुलै

मंडळाची बैठक. दोन ठराव. पहिला: झेंडू लावायचा नाही. दसऱ्याला फुलून दिवाळीनंतर वाळून जाणारं झाड म्हणजे निवडणुकीतला पुढारी. आपण वर्षानुवर्षं जगणारी झाडं वाढवायची. मोगरा, जाई, जास्वंद, शेवंती, निशिगंध. दुसरा ठराव: रोप फुकट द्यायचं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूला माणूस पाणी घालत नाही. ज्याला फूल हवं त्यानं ते हवं आहे असं चारचौघांत म्हणावं, मोल द्यावं आणि ताठ मानेनं न्यावं. मागणं आणि चोरणं या दोन्ही गुलामीच्या सवयी आहेत.

दोन्ही ठराव मी मांडले, शरणबसप्पांनी अनुमोदन दिलं. विमल आणि चंद्रप्रभाबाई काही बोलल्या नाहीत, म्हणून ते एकमतानं मंजूर झाले.

९ जुलै

चांगला पाऊस. मोगऱ्याच्या आणि जास्वंदीच्या फांद्या तोडून कुंभाराच्या गाडग्यांत लावल्या. फांदी पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची, खालचा काप तिरका. तिरका काप घ्यायला विमलनं माझ्याकडून अर्ध्या तासात शिकून घेतलं. आता ती माझ्यापेक्षा भराभर करते. शेवंतीचे फुटवे वेगळे करून काही वाफ्यात लावले, काही गाडग्यांत. ही शेवंती मी सोलापुराहून आणलेली, फिकट पिवळी, टपोऱ्या फुलाची. आपल्या भागात दुसरीकडं कुठंही नाही. सगळी गाडगी लिंबाच्या सावलीत मांडली. बब्रुवान शेजारच्याच रानातला, त्यानं दोन गाड्या लेंडीखत आणून टाकलं.

संध्याकाळच्या पाण्याचं काम विमल आणि चंद्रप्रभाबाईंनी आपणहून घेतलं. सकाळचं माझ्याकडं.

१९ जुलै

फाटकावर पाटी लावली: "फांदी तोडणे ही चोरी आहे. सुजाण नागरिक रोप विकत घेतो." अक्षर मीच काढलं.

विमलनं पाटी दोनदा वाचली. "म्हणजे आत तोडण्यासारखं काहीतरी आहे, हे आता बायकांना कळेल."

"बायकांना वाचता कुठं येतं?"

"मी वाचून दाखवीन," ती म्हणाली.

सार्वजनिक कामात तिचं मन रमू लागलं आहे, याचा आनंद वाटला.

१२ ऑगस्ट

अनर्थ. मोगऱ्याच्या जुन्या झुडपांचे शेंडे गेले. जाईचा वेल खालून विरळ झाला. शेवंतीचे फुटवे वाफ्याच्या कडेनं गायब. काल पहिली मंगळागौर होती आणि बायका रात्री जागल्या, त्यामुळं पहाटे बागेकडं कुणाचं लक्ष नसणार. हे काम बब्रुवानाच्या शेळ्यांचं आहे.

बब्रुवानाला बांधावर गाठलं. तो म्हणाला, "मास्तर, माझी शेळी मोगरा खाईत न्हाय."

"कशावरून?"

"खाल्ला असता तर दूध वासाचं आलं असतं. ते तरी मला कळलं असतं का न्हाय?"

"आणि मोगऱ्याचे शेंडे काय आपोआप गेले?"

त्यानं झुडपाजवळ बसून बराच वेळ पाहिलं. मग उठून म्हणाला, "काप तिरका हाय, मास्तर."

"शेळीचे दात धारदार असतात."

"व्हय," तो म्हणाला आणि निघून गेला. अडाणीपणा आणि हट्ट यांची जोडी मोठी भक्कम असते.

१९ ऑगस्ट

पुन्हा तेच. आदल्या दिवशी पुन्हा मंगळागौर. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. काट्यानं हात रक्तबंबाळ झाले. विमलनं हळद लावली आणि विचारलं, "फाटकापाशी वाट तेवढी ठेवली आहे ना? पाण्याला जायला लागतं."

वाट ठेवली आहे.

२६ ऑगस्ट

कुंपण असूनही पुन्हा शेंडे गेले. शेळ्या फाटकातून येतात, हे सिद्ध झालं. देवळासमोर भाषण केलं. सुमारे तासभर. विषय: मोकाट जनावरं आणि नागरिकांची कर्तव्यं. उदाहरणादाखल रोमन साम्राज्याचा ऱ्हास सांगितला. बायका ओट्यावरून ऐकत होत्या, पुष्कळ जणी पदर तोंडाला लावून. विषयाचं गांभीर्य त्यांच्यापर्यंत पोचलं.

बब्रुवान शेवटपर्यंत उभा होता. जाताना म्हणाला, "बरं बोललासा. शेळ्यांना सांगतो."

गाडग्यांतली रोपं मात्र सुखरूप आहेत. एकाही रोपाला तोंड लागलेलं नाही. शेळ्या जमिनीतलं खातात आणि गाडग्यातलं सोडतात, याचं कारण शोधलं पाहिजे.

१० सप्टेंबर

गौरीच्या जेवणाला आण्णासाहेबांकडं. त्यांच्या अंगणात तुळशीकट्ट्यामागं शेवंती पाहिली. पानांवरूनच ओळखली. सोलापूरची, माझीच जात! शेजारी मोगऱ्याची कोवळी फांदी, तीन पानं फुटलेली.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वाढायला आल्या. विचारलं, "ही शेवंती कुठून आणली?"

"आली कुठूनशी, मास्तर. भात वाढू का?"

याचा अर्थ उघड आहे. सोलापूरचा कुणी माळी इथवर येऊन रोपं विकून गेला असणार. आम्हाला स्पर्धक निर्माण झाला. पण यात एक आशाही आहे. लक्ष्मीबाई विकत घेतात तर गावही घेईल. परतताना विमलला हे समजावून सांगितलं. वाटेत मल्लम्मा, म्हणजे शरणबसप्पांची पत्नी, दारात उभी होती. या दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या. बायकांचं काही कळत नाही.

२७ सप्टेंबर

विक्री झाली. म्हणजे झाली नाही. सविस्तर लिहितो, कारण स्वतःपासून लपवण्यात अर्थ नाही.

सकाळपासून फाटक उघडं ठेवलं. गाडगी रांगेनं मांडली, प्रत्येकाला चुन्याचा पट्टा. मोगऱ्याची रोपं तजेलदार, जास्वंदीला कळ्या. बाजाराचा दिवस, लोहाऱ्याकडून आणि जळकोटाकडून गाड्या आलेल्या. मी सुरुवातीलाच अर्धा तास बोललो. गर्दी चांगली होती, विशेषतः बायकांची.

त्या सगळ्या पाहत होत्या, वास घेत होत्या, विचारत होत्या. शेवंतीला मावा पडला तर काय करायचं? जाईला मांडव कधी घालायचा? मोगऱ्याची पानं पिवळी पडतात ती पाण्यानं का खतानं? इतके नेमके प्रश्न मी कुठल्या सभेत ऐकले नाहीत. मी प्रत्येकीला उत्तर दिलं. उत्तर ऐकून ती मान डोलवायची आणि भाजी घ्यायला जायची.

दुपारपर्यंत एक जास्वंद गेली. ती एस्टीच्या ड्रायव्हरनं उमरग्याला नेली. एक मोगरा बदली होऊन चाललेल्या तलाठ्यानं घेतला. गावातल्या एकाही माणसानं गाडग्याला हात लावला नाही.

शेवटी भाजीवाल्या विठाबाईला मी थेट विचारलं, "तुम्हाला मोगरा आवडत नाही?"

"आवडतोय की."

"मग न्या ना! दोन कांद्यांच्या मोलात देतो."

ती माझ्याकडं लहान पोराकडं पाहावं तशी पाहू लागली. "मास्तर, विकतचं झाड लागत न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? विकतचं लागत न्हाय, मागितलेलं कुढत कुढत लागतंय, आन् न इचारता आणलेलं जोमानं लागतंय. तुमच्या घरी ठाव न्हाय व्हय?"

आण्णासाहेब बारवेच्या कठड्यावर बसून सगळं पाहत होते. संध्याकाळी उठले, धोतर झटकलं. "दसरा झाल्यावर सभा घेऊ," एवढंच म्हणाले.

२८ सप्टेंबर

सकाळी विमलला विचारलं, "न विचारता आणलेलं झाड जोमानं लागतं, असं तूही मानतेस?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हो."

मग तिनं सांगितलं. पाणी घालायची वेळ झाली की बायका यायच्या. विमल त्यांच्याकडं पाठ करून उभी राहायची आणि मोठ्यानं म्हणायची, "मी पाणी घालते आहे बाई, मला मागचं काही दिसत नाही." मग त्या फांदी घ्यायच्या. तिरका काप कसा घ्यायचा हे तिनं आधीच दाखवून ठेवलेलं. चंद्रप्रभाबाईंच्या पाळीलाही हेच. मंगळागौरीला जमलेल्या प्रत्येकीच्या घरी एक तरी फांदी गेली आहे. लक्ष्मीबाईंकडं गेली, मल्लम्माकडं गेली. बब्रुवानाच्या कारभारणीकडं तर सगळ्यांत आधी गेली.

मी ओरडलो. ठराव मोडला, मंडळाशी द्रोह केला, मला गावासमोर शेळ्यांवर भाषण करायला लावलं!

"ते तुम्ही आपणहून केलंत."

"आणि जागा? जागा जाईल त्याचं काय?"

इथं मात्र तिचे हात थांबले. "ते माझ्या ध्यानात आलं नाही," ती म्हणाली. "गाडग्यांतल्या रोपांना आम्ही कुणाला हात लावू दिला नाही. ती विकली जातील असंच वाटलं होतं. बाहेरगावचे घेतील म्हटलं." मग म्हणाली, "मलाही ती जागा जायला नको आहे. संध्याकाळी घराबाहेर जायला मला दुसरी जागा आहे का?"

वाचनालयात जाऊन बसलो.

२ ऑक्टोबर

चार दिवस विचार केला. निराश व्हायचं कारण नाही. उलट हा माझा विजय आहे! आण्णासाहेबांची अट काय होती? गावाला फुलं हवीत की नाहीत ते दिसावं. घरोघर दिसतं आहे. सभेत उभं राहून एवढंच म्हणायचं: ज्याच्या घरी या बागेतली फांदी आहे त्यानं हात वर करावा. सारं गाव हात वर करील.

विमलला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "असं करू नका. ते तोंडानं बोलायचं नसतं. कुठून आणली हे सांगितलं की झाड जळतं."

"लोकशाहीत सगळं तोंडानंच बोलायचं असतं," मी म्हणालो.

१४ ऑक्टोबर

सभा झाली. चावडी भरली होती. समोर पुरुष, पलीकडं देवळाच्या ओट्यावर बायका.

आण्णासाहेबांनी साधं विचारलं, "मास्तर, किती रोपं खपली गावात?"

"एकही नाही," मी म्हणालो, आणि मग बोललो. आयुष्यात इतकं चांगलं क्वचितच बोललो असेन. अमीनसाहेबाच्या मोगऱ्यापासून सुरुवात केली. जो वास आपल्या बापजाद्यांनी ठाण्याच्या भिंतीबाहेर उभं राहून भीतभीत घेतला, तो आज तुमच्या अंगणात आहे, असं म्हणालो. मग हात उंचावून म्हणालो, "ज्याच्या घरी या बागेची फांदी आहे, त्यानं हात वर करावा!"

एकही हात वर आला नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणालो. ओट्यावरच्या बायकांनी पदर पुढं ओढले. पुरुष एकमेकांकडं पाहू लागले. शरणबसप्पांना म्हणालो, "तुम्ही तरी! तुमच्या परसात जास्वंद आहे!"

शरणबसप्पा टोपी नीट करत म्हणाले, "आमच्या परसात आम्ही जात न्हाय, मास्तर. त्ये खातं घरच्यांचं हाय."

लोक हसले. मला राग आवरला नाही. "आण्णासाहेब, तुमच्या तुळशीमागची शेवंती सोलापूरची आहे. मी आणलेली!"

आण्णासाहेब अजिबात चिडले नाहीत. "ती आमच्या मंडळीच्या म्हायेरची हाय," म्हणाले. ओट्यावरून कुणीतरी हुंदक्यासारखा आवाज काढला. तो हसण्याचा होता की कशाचा, कळलं नाही.

कट्टे बांधायचं ठरलं. दिवाळी झाली की काम सुरू. मी शब्द दिला होता की एक अक्षर बोलणार नाही. बोललो नाही.

१५ ऑक्टोबर

विमल माझ्याशी बोलत नाही. मल्लम्मा तिच्याशी बोलत नाही. मल्लम्माची जास्वंद सकाळपासून मान टाकून बसली आहे म्हणे. भर उन्हात पाणी घातलं असणार.

१९ ऑक्टोबर

कट्ट्यांच्या कामासाठी चुन्याच्या रेघा पडल्या. एक रेघ मोगऱ्याच्या मधोमध जाते. गाडग्यांतली रोपं घरी आणली, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. पण जमिनीतली झाडं? एवढा मोगरा, एवढी शेवंती, भिंतीवरची जाई? सगळी कुदळीखाली जाणार. फांद्या जगतील, पण ही झाडं पुन्हा एवढी व्हायला किती वर्षं लागतील!

दुसरा ठराव मी स्वतः रद्द केला. दवंडी दिली: जुन्या बागेतली झाडं मंडळ मोफत देत आहे, ज्यांना हवीत त्यांनी सकाळी येऊन मुळासकट न्यावीत.

२० ऑक्टोबर

सकाळपासून दुपारपर्यंत फाटकात उभा होतो. कुणीही आलं नाही. बायका बारवेवर पाण्याला आल्या, मला पाहून घागरी भरून गेल्या. एकीनं तर लांबूनच वाट बदलली.

मी हरलो आहे, हे आज पहिल्यांदा लिहितो. जागा गेली. आता झाडंही जाणार. मी जे देतो ते कुणी घेत नाही.

२१ ऑक्टोबर

विमल बोलली. सहा दिवसांनी.

"दवंडी पिटून दिलेलं कोण घेईल?" ती म्हणाली. "अन् तुम्ही फाटकात उभे, आत तोंड करून. एकेकीला बघत."

"मग काय करू?"

"संध्याकाळी फाटकात उभे राहा. रस्त्याकडं तोंड करून."

"आणि?"

"आणि बोला. मोठ्यानं. तुम्ही बोलत असलात की तुम्हाला दुसरं काही दिसत नाही, हे गावाला माहीत आहे."

हे तिनं कौतुकानं म्हटलं की कसं, याचा विचार करत बसलो नाही. शब्द दिला होता तो जागेविषयी बोलणार नाही असा. इतर विषयांना बंधन नाही.

२२ ऑक्टोबर

दिवस कलल्यावर फाटकात उभा राहिलो. पाठ बागेकडं, तोंड रस्त्याकडं. विषय: द्वैभाषिकाचं संकट आणि संयुक्त महाराष्ट्र. श्रोते: पालथ्या डब्यावर बसलेले शरणबसप्पा, बांधावरचा बब्रुवान आणि त्याच्या शेळ्या.

सुरुवातीला मागं काहीच नव्हतं. मग बारवेच्या बाजूनं पैंजण वाजले. मी आवाज चढवला. मग बांगड्या, मग खुरप्याचा खरवड खरवड आवाज. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अगं, मातीसकट उचल, मूळ मोडंल." त्यावर विमलचा आवाज, खणखणीत, "मी पाणी घालते आहे, बाई!" मला वळून पाहण्याची फार इच्छा झाली. मी मुंबई सरकारवर घसरलो.

रस्त्यावरून आण्णासाहेब आले. थांबले. त्यांच्या समोर मी आणि माझ्यामागं सारी बाग. त्यातच लक्ष्मीबाईंचा आवाज मी ओळखला. शेवंतीचा वाफा कोण नेणार यावरून त्या कुणाशी तरी भांडत होत्या. आण्णासाहेबांनी माझ्या तोंडावर नजर लावली ती हलवली नाही. ते काँग्रेसचे, आणि मी काँग्रेसचे वाभाडे काढत होतो. तरी हात मागं बांधून उभे होते. एकदा मान डोलावलीसुद्धा.

घसा बसत चालला. मुद्दे संपत आले. तेवढ्यात विमल मागून आली आणि माझ्या हाती पाण्याचा तांब्या देत हळू म्हणाली, "मोगरा गेला, शेवंती गेली. जाईची मुळं भिंतीत शिरली आहेत, निघत नाहीत. अजून थोडं बोलता येईल का?"

मी पाणी प्यालो, आणि बेळगावचा प्रश्न हाती घेतला. तो मोठा आहे.